आमच्या स्कूल बोर्डासाठी माझे मत कोणाला आणि का

दिव्यांग मुलांच्या पालकांबरोबर शाळेच्या बैठकांना बसून त्यांच्या हक्कांसाठी वर्षानुवर्षे झटणाऱ्या एक बाई न्यू जर्सीतल्या आमच्या टाऊनमध्ये येत्या नोव्हेंबरात स्कूल बोर्डाच्या निवडणुकीला उभ्या आहेत. माझे मत त्यांना आहे. त्यांचे नाव इथे मुद्दाम लिहीत नाही, कारण ही पोस्ट वाचणारी मराठी माणसे वेगवेगळ्या टाऊनमध्ये राहतात आणि मला जे सांगायचे आहे ते त्या प्रत्येक ठिकाणी लागू पडते.

आपण इथे घर घेतो ते शाळा बघून, आणि मालमत्ता कराचा साधारण निम्मा भाग शाळांसाठी भरतो. तरीही त्या शाळांचा कारभार ज्या बोर्डाकडे असतो त्यावर कोण बसते, हे आपल्यातल्या बहुतेकांना माहीत नसते. मतपत्रिकेवर ही नावे मोठ्या पदांच्या नंतर येतात आणि त्यांच्यापुढे पक्षाचे नाव नसते, त्यामुळे तो रकाना कोराच राहतो. सदस्यांची मुदत ३ वर्षांची असते आणि त्यांना मानधन मिळत नाही, पण सुपरिंटेंडंट, म्हणजे शाळांचे मुख्य प्रशासक, नेमणे, धोरणे ठरवणे आणि बजेट मंजूर करणे हे सगळे त्यांच्याच हातात असते. २०१२ च्या कायद्यानंतर ज्या स्कूल डिस्ट्रिक्टनी, म्हणजे एका बोर्डाखालच्या शाळांच्या विभागांनी, बोर्डाची निवडणूक नोव्हेंबरात नेली, तिथे करवाढ २ टक्क्यांच्या मर्यादेत असेल तर बजेटवर लोकांचे वेगळे मतदानही होत नाही. म्हणजे सदस्य निवडतानाच काय तो आपला शब्द चालतो.

माझ्या मुलाला आयईपी आहे, म्हणजे त्याला शाळेत कोणती मदत किती मिळेल हे ठरवणारा वैयक्तिक आराखडा आहे. त्याच्या बैठकीत टेबलाच्या एका बाजूला केस मॅनेजर, शाळेचे मानसशास्त्रज्ञ, वर्गशिक्षिका, स्पेशल एज्युकेशनच्या शिक्षिका आणि थेरपिस्ट असतात. दुसऱ्या बाजूला आम्ही दोघे असतो, आणि समोर भराभर उलटली जाणारी भलीमोठी कागदपत्रे. अशाच एका बैठकीला या बाई आमच्याबरोबर आल्या होत्या. स्पीच थेरपी 'गरजेनुसार' दिली जाईल असे मसुद्यात लिहिले होते. त्यांनी शांतपणे त्या ओळीवर बोट ठेवले आणि आठवड्यातून किती वेळा, प्रत्येक वेळी किती मिनिटे, एकट्याला की गटात, हे लिहून मागितले. शेवटी आठवड्यातून २ वेळा, प्रत्येकी ३० मिनिटे, असा मजकूर झाला. आवाज न चढवता, समोरच्या शिक्षिकेचा मान राखून त्यांनी हे करून घेतले. बोर्डावर मला अशीच व्यक्ती हवी आहे, कारण बजेटमध्येही 'शक्य तितके' आणि 'आवश्यकतेप्रमाणे' अशा शब्दांआड थेरपिस्टची रिकामी पदे वर्षभर दडून राहू शकतात.

त्यांच्याविरुद्ध सर्वाधिक ऐकू येणारा आक्षेप पैशाचा आहे. स्पेशल एज्युकेशनवर आधीच इतका खर्च होतो, मग बाकीच्या मुलांचे काय, असे आपल्याच ओळखीतले लोक विचारतात. खर्च होतो हे खरेच आहे. १९७५ मध्ये अमेरिकी काँग्रेसने दिव्यांग मुलांच्या शिक्षणाचा कायदा केला, तेव्हा देशातल्या दर विद्यार्थ्यामागच्या सरासरी शालेय खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंतचा वाटा केंद्र सरकार उचलेल असे ठरले होते. तो वाटा आजवर कधीही पूर्ण मिळालेला नाही आणि अलीकडच्या वर्षांत तर तो १५ टक्क्यांच्याही खाली आहे. उरलेला भार राज्यावर आणि आपल्या टाऊनवर येतो. त्याचा राग मुलांवर काढण्यात काय अर्थ आहे? हा कायदा होण्याच्या ३ वर्षे आधी, १९७२ मध्ये, वॉशिंग्टन डीसीच्या बोर्डाने पैसे नाहीत हीच सबब न्यायालयात सांगितली होती. त्यावर न्यायालयाने असे म्हटले की, निधी अपुरा असला तरी त्या तुटवड्याची झळ दिव्यांग मुलांना इतरांपेक्षा जास्त बसता कामा नये. आमच्या बोर्डाच्या बैठकीत हे वाक्य कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवावे, असे मला फार वाटते.

दुसरा आक्षेप असा की, त्या फक्त एकाच गटाच्या मुलांचे बघतील. एखाद्या मुलाच्या आयईपीत काय असावे हे बोर्ड ठरवत नाही. ते पालकांसह त्या मुलाची टीम ठरवते. शिवाय हा गट काही लहान नाही, देशभरातल्या सरकारी शाळांतली सुमारे १५ टक्के मुले या कायद्याखाली सेवा घेतात. आणि बोर्डावर अशी नजर नसली की काय होते, हे पुढे दिव्यांगांच्या हक्कांसाठी लढलेल्या जूडी ह्यूमन यांच्या उदाहरणातून दिसते. ब्रुकलिनमध्ये वाढलेल्या, लहानपणी पोलिओ झालेल्या या मुलीला आग लागल्यास तिच्या व्हीलचेअरचा धोका होईल म्हणून शाळेने प्रवेश नाकारला. पुढे १९७० मध्ये त्यांना शिक्षिका व्हायचे होते, तेव्हा न्यूयॉर्क शहराच्या बोर्डाने जवळपास त्याच कारणावरून परवाना नाकारला. त्या न्यायालयात गेल्या, बोर्डाला माघार घ्यावी लागली आणि त्या वर्गात शिकवू लागल्या. त्या बोर्डावर व्हीलचेअर वापरणारे एक जरी माणूस असते, तर हे कोर्टापर्यंत गेले असते असे मला वाटत नाही.

आपल्या लोकांविषयीही लिहिणे भाग आहे. मंडळाच्या गणपतीत दोन-तीन वर्षे आनंदाने येणारे एखादे कुटुंब मुलाला ऑटिझमचे निदान झाल्यावर हळूहळू दिसेनासे होते आणि आपण चौकशीही करत नाही. "तो जरा उशिरा बोलेल, त्याचे काकाही उशिराच बोलले," असे सांगून आजी-आजोबा धीर देतात, त्यामागची माया मला कळते. पण त्या धीरापायी शाळेकडे तपासणीची लेखी मागणी करायची राहून जाते आणि मुलाची मोलाची वर्षे हातची जातात. हे सेवांचे हक्क ३ वर्षांच्या वयापासून लागू होतात आणि आई-वडिलांचा व्हिसा कोणता आहे यावर ते अवलंबून नसतात.

ज्यांना नागरिकत्व नाही त्यांना मतदान करता येत नाही, पण बोर्डाच्या सभेत लोकांसाठी राखलेल्या वेळेत बोलता येते, तेव्हा जरूर बोला. जे नागरिक आहेत त्यांनी मतपत्रिका शेवटच्या रकान्यापर्यंत भरावी, मग मत टपालाने द्या, लवकर मतदानाच्या दिवसांत द्या किंवा निवडणुकीच्या दिवशी. मी सगळ्याच उमेदवारांना ३ प्रश्न पाठवले आहेत: आपल्या डिस्ट्रिक्टमधली किती दिव्यांग मुले डिस्ट्रिक्टबाहेरच्या शाळांत पाठवली जातात आणि त्यांचा रोजचा बसप्रवास किती वेळाचा आहे, थेरपिस्ट आणि वर्गातल्या मदतनीसांची किती पदे रिकामी आहेत, आणि ती भरण्यासाठी पुढच्या बजेटमध्ये तुम्ही काय मागणार आहात. ज्यांची उत्तरे येतील ती सगळ्यांची, माझा पाठिंबा असलेल्या बाईंचीसुद्धा, मी इथेच जशीच्या तशी देईन.