फॉर्मचा थर काढून टाकावा, या मताचा प्रतिवाद

“फ्रेमवर्कमधला फॉर्मचा वेगळा थर हा निव्वळ फापटपसारा आहे, नियम एकदाच मॉडेलमध्ये लिहावेत आणि आलेला डेटा सरळ मॉडेलवर चढवावा,” असे मत वेब प्रोग्रॅमरांमध्ये हिरिरीने मांडले जाते. फ्रेमवर्क म्हणजे वेबसाइट बांधण्याचा तयार सांगाडा, मॉडेल म्हणजे त्यातला डेटाबेसमधल्या नोंदींचा साचा, आणि फॉर्मचा थर म्हणजे वापरकर्त्याने भरलेला डेटा तपासणारा भाग. त्यासाठी दिली जाणारी कारणे तपासली तर ती टिकत नाहीत.

पहिले कारण असे की, फॉर्म आणि मॉडेल या दोन्हींची फील्ड, म्हणजे माहितीचे रकाने, सारखीच असतात. नोंदणीच्या साध्या फॉर्ममध्येही पुन्हा टाइप केलेला पासवर्ड असतो, ज्याला मॉडेलमध्ये जागा नसते. उलट मॉडेलमध्ये ‘प्रशासक आहे का’ हे फील्ड असते, जे फॉर्ममधून कधीच येता कामा नये. २०१२ मध्ये एका प्रोग्रॅमरने फॉर्ममध्ये नसलेले मूल्य सर्व्हरला पाठवलेल्या विनंतीत घुसवून गिटहब या कोड साठवण्याच्या साइटवर स्वतःची सार्वजनिक की (ओळख पटवणारी किल्ली) रेल्स या फ्रेमवर्कच्या खात्याला जोडून दाखवली. पुढे २०१३ मध्ये रेल्स ४ ने कोणती फील्ड स्वीकारायची याच्या परवानगीची यादी मॉडेलकडून कंट्रोलरकडे, म्हणजे विनंती हाताळणाऱ्या भागाकडे, नेली, आणि तेच योग्य होते, कारण काय स्वीकारायचे हे त्या त्या विनंतीवर ठरते.

डेटाचे रूपांतर मॉडेलच करील, हे दुसरे कारण. खरी गोम इथेच आहे. फाइल वगळता फॉर्ममधून येते ते सगळे मजकूररूपात. वयाच्या जागी कुणी ‘बारा’ असे अक्षरी लिहिले, तर पूर्णांकाच्या फील्डला ते धरून ठेवता येत नाही, आणि चूक दाखवताना वापरकर्त्याचा मूळ मजकूर मात्र जसाच्या तसा परत दिसायला हवा. म्हणूनच जँगो या फ्रेमवर्कचा फॉर्म आलेला मजकूर आणि तपासलेली मूल्ये वेगवेगळी ठेवतो. टिक न केलेला चेकबॉक्स तर ब्राउझर पाठवतच नाही. मग ‘नाही’ आणि ‘हे फील्ड या फॉर्ममध्ये नव्हतेच’ यांतला फरक मॉडेलला कळावा कसा? रेल्स त्यासाठी चेकबॉक्सआधी शून्य मूल्याचे एक लपलेले फील्ड छापते.

ब्राउझर तपासणी करतोच, या कारणात दम नाही: विनंती ब्राउझरविनाही पाठवता येते.

नियम दोनदा लिहावे लागतात, ही तक्रार मात्र रास्त आहे. त्यावर उपाय मॉडेलवरून फॉर्म तयार करून घेण्याचा आहे, आणि जँगो तो देते. मात्र ईमेल एकमेव असल्याची हमी मॉडेलमधला नियमही देत नाही: दोन विनंत्या एकाच वेळी तपासणीतून पार झाल्या, तर त्यांतली एक डेटाबेसचे बंधनच अडवते, आणि ती चूक समजेल अशा शब्दांत ईमेलच्या फील्डखाली आणून दाखवण्याचे काम फॉर्मकडेच येते.