आठ माणसं, दहा मिनिटं आणि एक काका

बल्गेरियाची राजधानी सोफिया, तिथल्या बोयाना चर्चमध्ये एका वेळी आठेक माणसं सोडतात, तीही दहा मिनिटांपुरती. त्या आठांत एक काका निघाले तर बाकीच्या सातांनी काय करायचं, ते मात्र कुठे लिहिलेलं नाही. माझं डोकं अजून तापलेलं आहे.

बाकी सोफिया सोशिक शहर. अलेक्झांडर नेव्हस्की कॅथेड्रलभोवती एवढं पटांगण, की दहा टूरवाले एकदम उतरले तरी कुणाचा कुणाला धक्का लागत नाही. चौथ्या शतकातलं सेंट जॉर्जचं विटांचं गोल चर्च राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयामागच्या अंगणात गपचूप बसलंय. बोयानाची गोष्ट निराळी. विटोशा डोंगराच्या पायथ्याशी तीन वेगवेगळ्या काळांत बांधलेले भाग जोडून उभं राहिलेलं ते चिमुकलं चर्च, आणि आत १२५९ सालची भित्तिचित्रं. श्वासातली वाफ भिंतीवर बसली की रंगांची वाट लागते, म्हणून आत गारवा राखतात, माणसं मोजून सोडतात आणि फोटो बंद. १९७७ला दुरुस्तीसाठी बंद झालेलं चर्च पुन्हा नीट उघडायला २००६ उजाडलं. नियमाबद्दल माझी तक्रार नाही.

दहा मिनिटांत काय बघायचं ते आधीच ठरवून जावं. आपली पाळी येईपर्यंत सावलीत थांबावं, नाहीतर उन्हातून अंधारात शिरल्यावर पहिली दोन मिनिटं डोळे चोळण्यात जातात. बाहेरचा भाग एकोणिसाव्या शतकातला, तिथे रेंगाळू नये. मधल्या भागात डाव्या हाताला तेराव्या शतकातला सरदार कालोयान आणि त्याची बायको देसिस्लावा. चर्चचा हा भाग कालोयाननेच बांधून घेतला, म्हणून चित्रात त्याच्या हातात चर्चची छोटी प्रतिकृती आहे. समोर उजवीकडे त्या वेळचे राजा-राणी. मग आतल्या, सर्वांत जुन्या भागात येशूचं शेवटचं भोजन. टेबलावर चक्क लसूण आणि पाव.

हे सगळं मला पाठ होतं. देसिस्लावासमोर मात्र काका उभे, पाठीवर गिर्यारोहकाची सॅक. त्यांनी तिथल्या बाईंना हाताने कॅमेऱ्याची खूण केली. बाईंनी मान वरखाली हलवली. बल्गेरियात त्याचा अर्थ ‘नाही’.

“बघा, हो म्हणाल्या!” काकांनी फोन काढला.

बाई पुढे सरसावल्या आणि मान आणखी जोरात वरखाली.

“किती अगत्य आहे हो या लोकांत!”

“काका, त्या नको म्हणताहेत.”

“अहो, मान डोलावताहेत की! माणसाची मान मला कळत नाही? छत्तीस वर्षं बँकेच्या काउंटरवर काढलीत.”

शेवटी बाईंनी भिंगासमोर सरळ तळहात धरला. काकांनी त्या हाताचाच फोटो काढला आणि तो मोठा करून दोन-तीन जणांना दाखवला. मग फ्लॅशवर व्याख्यान. “अजिंठ्याला फक्त फ्लॅश बंद, फोटो चालतो,” हे त्यांनी मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत बल्गेरियन बाईंना समजावलं. सॅक प्रत्येक मुद्द्यागणिक वळत होती. मला कालोयान कोपरापर्यंत दिसला. देसिस्लावाचा मुकुट तेवढा दिसला. लसूण नाहीच. वर त्या व्याख्यानाची सगळी वाफ गेली भिंतीवर, आणि ‘जपून श्वास घ्या’ ही ताकीद आम्हा सगळ्यांना मिळून.

वेळ संपली. बाहेर बागेत बल्गेरियाची राणी एलिओनोरा हिची कबर आहे. हे चर्च पाडायला निघाले होते तेव्हा तिने वाचवलं. तिथे कठड्याला टेकून काका काकूंना सांगत होते, “लहानच आहे गं. दहा मिनिटं म्हणजे जास्तच होतात.”