मॅमोग्राफी म्हणजे हजार एक्स-रे? साफ खोटं

परवा परभणीहून मावशीचा फोन. "मी नाही येत बाई त्या मशीनवर. भिशीच्या ग्रुपवर आलंय, एका मॅमोग्राफीत हजार एक्स-रेएवढं रेडिएशन असतंय. अन् दाबलं की गाठ फुटून कॅन्सर अंगभर पसरतो म्हणे." मावशी बासष्टची. डाव्या बाजूला हरभऱ्याएवढं काहीतरी हाताला लागतंय म्हणून डॉक्टरांनी मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, लिहून दिली, त्याला तीन आठवडे झाले. मी नांदेडला रोज हेच मशीन चालवते, तरी तिला भिशीचा ग्रुप खरा वाटला. मेसेज मागवून घेतला, वाचला आणि डोकंच फिरलं. मशीनवर कुणाचं नियंत्रण नाही, गळ्यातल्या थायरॉइडला किरण लागू नयेत म्हणून पट्टा मागा, नाहीतर फक्त सोनोग्राफीवर भागवा, असंही त्यात होतं.

आधी ते हजार. किरणांचा डोस दोन तऱ्हांनी मोजतात. त्या अवयवाला किती मिळाला ते मिलिग्रेमध्ये, आणि त्यातून सगळ्या शरीराला धोका किती ते मिलिसीव्हर्टमध्ये. मॅमोग्राफीत प्रत्येक बाजूचे दोन फोटो धरून स्तनाच्या ग्रंथींना साधारण ३ ते ४ मिलिग्रे मिळतात. आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाने २००७ मध्ये स्तनासाठी ०.१२ हा गुणक ठरवला. त्याने गुणा, ०.४ मिलिसीव्हर्टच्या आसपास उत्तर येतं. छातीचा एक्स-रे ०.०२ ते ०.१. म्हणजे चार एक्स-रे, अगदी ताणलं तरी वीस. माती, हवा, अन्न, आकाश यांतून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट मिळतातच. त्यातले दोन महिने म्हणजे एक मॅमोग्राफी.

"मशीनवर कुणाचं नियंत्रण नाही" हेही खोटं. अमेरिकेत एका फोटोला ३ मिलिग्रेची कायदेशीर मर्यादा आहे. ती फँटमवर, म्हणजे स्तनाऐवजी ठेवायच्या प्लास्टिकच्या ठोकळ्यावर, मोजतात. आपल्याकडे अणुऊर्जा नियामक मंडळाच्या परवान्याशिवाय मशीन चालवता येत नाही. माझ्या मशीनवर तर प्रत्येक फोटोनंतर डोसचा आकडा स्क्रीनवर येतो. बाईने विचारलं तर मी दाखवते.

खरी चीड आली ती दाबण्याच्या मुद्द्यावर. कॅन्सरची गाठ म्हणजे पिकलेलं गळू नव्हे, दाबलं की फुटायला. दाबल्याने कॅन्सर पसरतो याला कसलाही आधार नाही. आम्ही दाबतो कारण जाडी कमी झाली की किरण कमी लागतात, आतलं एकावर एक आलेलं सुटं दिसतं आणि फोटो हलत नाही. हलला तर पुन्हा काढावा लागतो, म्हणजे डोस दुप्पट. ज्याला रेडिएशनची भीती वाटते त्याने तर नीट दाबा म्हणून सांगायला हवं.

थायरॉइडच्या पट्ट्याचं एवढंच, की थायरॉइडपर्यंत जे पोचतं ते निसर्गातून अर्ध्या तासात मिळतं तेवढं. पट्टाच फोटोत आला तर फोटो वाया.

धोका शून्य नाही, हे मात्र मान्य करावं लागतं. अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१६ मध्ये गणिती अंदाज मांडला. १ लाख बायकांची ४० ते ७४ या वयात दरवर्षी मॅमोग्राफी केली, तर रेडिएशनमुळे १२५ जणींना कॅन्सर होईल, १६ जणी दगावतील. आणि लवकर सापडल्यामुळे ९६८ जणींचा मृत्यू टळेल. मेसेजवाल्याने पहिले दोन आकडे वाचले असतील, तर तिसरा का गिळला? पंचविशीतल्या पोरीला गाठ लागली तर आधी सोनोग्राफीच करतात, तेही खरं. म्हणून बासष्टाव्या वर्षी फक्त सोनोग्राफीवर भागवा, हे कुठून आलं? दुधात विरजणाचे बारीक कण दिसावेत तसे चुन्याचे ठिपके, जे कधीकधी कॅन्सरची पहिली खूण असतात, मॅमोग्राफीतच नीट दिसतात.

आणि मावशीचं तर स्क्रीनिंग नाहीच. स्क्रीनिंग काही त्रास नसलेल्या बाईचं. हिच्या हाताला गाठ लागतेय, अन् तीन आठवडे त्या मेसेजने खाल्ले.

काल पुन्हा बोलले. तिने एकच विचारलं, "लई दुखतं का गं?" दुखतं, म्हटलं, पाच-दहा सेकंद, फोटो निघाला की मशीन आपोआप सोडतं. गुरुवारी सकाळच्या रेल्वेने येतेय. काखेत पावडर लावू नको, एवढं सांगून ठेवलंय. फोटोत ती ठिपक्यांसारखी दिसते.