तुर्की वर्गावरच्या अभिप्रायाला उत्तर: मधला ‘न’ कुठून येतो?

नमस्कार. सविस्तर लिहिलंत, आभार. तुमचं म्हणणं असं की प्रत्ययांवर फार वेळ जातो, ‘एविन्दे’चा अर्थ एकदा ‘तुझ्या घरात’ आणि एकदा ‘त्याच्या घरात’ सांगितला, आणि त्यापेक्षा प्रवासाची वाक्यं पाठ करून घेतलेली बरी.

दोन्ही अर्थ बरोबरच आहेत. ‘एव्’ म्हणजे घर. तुझं घर एव्-इन, त्यात ‘-दे’ (आपला ‘-त’) मिळवलं की एव्-इन-दे. त्याचं घर एव्-इ. या तृतीयपुरुषी प्रत्ययापुढे विभक्ती थेट लागत नाही, मध्ये ‘न’ येतो: एव्-इ-न-दे. उच्चार एकच. गोंधळ होईल असं वाटलं तर तुर्की माणसंही आधी ‘सेनिन’ (तुझ्या) किंवा ‘ओनुन’ (त्याच्या) म्हणतात. शब्द स्वरान्त असेल तर प्रश्नच मिटतो. ‘बाह्चे’ म्हणजे बाग: तुझ्या बागेत ‘बाह्चेन्दे’, त्याच्या बागेत ‘बाह्चेसिन्दे’.

प्रत्ययांचा क्रम सहसा बदलत नाही: शब्द, अनेकवचन, मालकी, शेवटी विभक्ती. एव्-लेर-इम-दे, माझ्या घरांमध्ये. इथे मालकी ‘माझी’ आहे, म्हणून ‘न’ नाही.

मराठी माणूस अडखळतो तो वेगळ्याच जागी. आपण चा-ची-चे मालकाला लावतो आणि मोकळे होतो. तुर्कीत मालक आणि वस्तू, दोघांनाही प्रत्यय हवा: ओतेल-इन बाह्चे-सी, हॉटेलची बाग. नुसतं ‘ओतेलिन बाह्चे’ म्हटलं की वाक्य लंगडं पडतं, आणि ही चूक जवळपास प्रत्येक बॅचमध्ये होते.

आता पाठांतराबद्दल. इस्तंबूलमध्ये ठिकाणांच्या कितीतरी नावांतच वस्तूला लागणारा हा ‘-सी’ असतो, मालकाचा प्रत्यय मात्र नसतो: इस्तिक्लाल जाद्देसी (रस्ता), बेशिक्ताश इस्केलेसी (बोटीचा धक्का). नुसत्या धक्क्याला जायचं तर ‘इस्केले-ये’, पण बेशिक्ताशच्या धक्क्याला ‘इस्केलेसि-न-ए’, म्हणजे ‘इस्केलेसिने’. ‘इस्केलेसिये’ म्हणणं ही हमखास होणारी चूक. धक्क्यावर ‘इस्केलेसिन्दे’, धक्क्यावरून ‘इस्केलेसिन्देन’. पाठ केलेलं वाक्य त्या एका धक्क्यापुरतं चालतं. नियम हाताशी असला की रस्ता, स्टेशन, विद्यापीठ, कुठलंही नाव चालवता येतं. म्हणून हा भाग आम्ही कमी करणार नाही.

पुढच्या शंकासत्राला जरूर या. जायचं असलेल्या पाच ठिकाणांची पूर्ण तुर्की नावं लिहून आणा. प्रत्येकाला ‘-ला’, ‘-त’ आणि ‘-हून’ लावून घेऊ. त्याचे वेगळे पैसे नाहीत.