बसल्या जागेची नोकरी

अंगाला घाम नको, डोक्याला ताप नको आणि दिवसभर पुढची हक्काची सीट हवी, अशा नोकरीच्या शोधात असाल तर सार्वजनिक बसचे ड्रायव्हर व्हा. गाडीत माणसं दांड्याला लोंबकळत असतात तेव्हाही ज्याची जागा कुणी बळकावू शकत नाही, असा माणूस एकच. प्रवासी म्हणतातच, ‘याचं काय जातंय, नुसतं बसून तर चालवायचं!’ प्रवाशांवर विश्वास ठेवा. रोज मागून बघतात ते, त्यांना नाही कळणार तर कुणाला?

परवान्याचा बाऊ करू नका. कार येते ना चालवता? मग झालं. बस म्हणजे जरा ताणलेली कार. सरकारांना मात्र हे पटवणं अवघड आहे. भारतातला कायदा म्हणतो, आधी हलक्या वाहनाचा परवाना वर्षभर खिशात वागवा, वयाची २० वर्षं पूर्ण करा, मग व्यावसायिक वाहनाचं शिकाऊ लायसन मागायला या. अमेरिकेत व्यावसायिक परवाना काढला तरी त्यावर प्रवासी बसवण्याची परवानगी वेगळी घ्यावी लागते, आणि एअर ब्रेकच्या परीक्षेत दांडी गुल झाली तर तसा शेराच परवान्यावर उमटतो. युरोपात तर नोकरीला लागल्यावरही दर ५ वर्षांत ३५ तास प्रशिक्षणाला बसवतात. बसण्याच्या बाबतीत कुठेच हयगय नाही.

प्रशिक्षणात खरी मजा वळणावर आहे. कारमध्ये पुढची चाकं तुमच्या पुढे असतात. बसमध्ये बहुतेक वेळा तुम्हीच चाकांच्या पुढे. कोपरा आला की सवयीने हात स्टिअरिंगकडे वळतात, ते आवरायचे आणि गाडी सरळ जाऊ द्यायची. समोरची भिंत काचेत मोठी मोठी होत जाते, तिच्यावरच्या फाटक्या जाहिरातीतली बारीक अक्षरंसुद्धा वाचता येतात, आणि शेजारी उभा असलेला प्रशिक्षक शांतपणे म्हणतो, “अजून. अजून. हां, आता.” मग पूर्ण फिरवायचं. तेवढ्यात मागची चाकं आतल्या बाजूने कोपरा कापत फुटपाथ चाटायला निघालेली असतात आणि शेपूट उलट दिशेला बाहेर फेकलं जात असतं. शेपटाला ज्या जागेची गरज असते, नेमक्या तिथे एक मोटरसायकलवाला फोनवर बोलत उभा असतो. त्याची सोय परीक्षेत केलेली नसते. परीक्षेत शंकू असतात आणि शंकू बिचारे सभ्य, जिथे ठेवले तिथेच उभे राहतात.

ब्रेकचं म्हणाल तर तो हवेवर चालतो. सकाळी इंजिन चालू करून दाब चढेपर्यंत गाडी हलवायची नाही, कारण पार्किंग ब्रेक दणकट स्प्रिंगने आवळलेला असतो आणि त्याला सैल करण्याचं काम हवा करते. हवा गळाली की गाडी आहे तिथे ठाण मांडते. पॅडल दाबल्यापासून हवा चाकापर्यंत पोहोचायला क्षणभर लागतो. क्षणभर म्हणजे काहीच नाही म्हणा. ताशी ५० च्या वेगात बस सेकंदाला जेमतेम १४ मीटर जाते. समोर कुणी आडवा आला की तुम्हाला फक्त एवढंच ठरवायचं असतं, की बाहेरच्या एकाला वाचवायला आत उभ्या असलेल्या वीसजणांना एकमेकांच्या अंगावर पाडायचं की नाही. बाहेरचा वाचतो आणि निघून जातो. आतले वीस मात्र पुढच्या स्टॉपपर्यंत तुमच्याशी बोलत राहतात.

आता वेळापत्रक. हा कागद जो तयार करतो तो अत्यंत आशावादी माणूस असतो. त्याच्या जगात सिग्नल हिरवे असतात आणि प्रवासी हातात सुट्टे पैसे घेऊन उड्या मारत चढतात. तुम्ही दोन मिनिटं मागे पडलात की पुढच्या स्टॉपवर थोडी जास्त माणसं जमलेली असतात. ती चढायला जास्त वेळ, म्हणून उशीर वाढतो, म्हणून त्यापुढच्या स्टॉपवर आणखी गर्दी. मागच्या बसला माणसंच उरत नाहीत, ती रिकामी पळत येऊन तुम्हाला गाठते आणि मग दोघी जोडीने फिरतात. नेवेल आणि पॉट्स या दोन संशोधकांनी १९६४ मध्येच हे गणित मांडून दाखवलं आहे. स्टॉपवर अर्धा तास तिष्ठलेल्या आजोबांना ते समजावून सांगा. ते तुमचं पूर्ण ऐकून घेतील आणि मग विचारतील, “चहा पीत बसला होतात ना?”

धावत येणाऱ्या प्रवाशासाठी थांबावं का, हाही सोपा प्रश्न आहे. थांबलात तर आतले घड्याळ बघून चुकचुकतात, नाही थांबलात तर बाहेरचा तक्रार करतो. थांबून दार उघडावं, तर तो आत डोकावून विचारतो, “ही कुठे जाते?” गाडीच्या कपाळावर हातभर अक्षरात लिहिलेलं असतं. ते वाचून दाखवणं हाही तुमच्या कामाचाच भाग समजा.

मधल्या विश्रांतीची काळजी करू नका. लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरला साडेचार तासांनी ४५ मिनिटांची विश्रांती द्या, असा युरोपचा नियम आहे. मोठा दयाळू नियम. फक्त ५० किलोमीटरपर्यंतच्या नियमित मार्गांना तो लागू नाही, म्हणजे गावातल्या गावात दिवसभर गिअर, ब्रेक आणि दार करणाऱ्यांना त्यातून वगळलंय. त्यांचे नियम ज्या त्या देशाने बघावेत. लघवीचं काय, असं विचारू नका. अनुभवी मंडळी पाणी कमी पितात. पद्धत स्वस्त आहे, मूत्रपिंडांचं मत मात्र अजून कुणी घेतलेलं नाही.

आणि बसून राहण्याचा फायदा होतो की नाही, यावर संशोधनही आहे. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी लंडनच्या डबलडेकरवरचे ड्रायव्हर आणि कंडक्टर तपासले. गाडी तीच, रस्ता तोच. कंडक्टर दिवसभर जिना चढ-उतर करणारे, ड्रायव्हर बसलेले. १९५३ मध्ये निष्कर्ष छापून आला: हृदयविकार ड्रायव्हरांत जास्त. मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये गणवेशाच्या विजारींची मापंही काढली, तर ड्रायव्हरांची कंबर रुंद निघाली. पुढे ठिकठिकाणी यावर उपाय झाला. कंडक्टरच काढून टाकले. आता तुलनेला कुणी उरलं नाही आणि तिकिटाचं कामही ड्रायव्हरकडे आलं, तेही बसल्या जागी.

एवढं सगळं जमलं तर वैद्यकीय तपासणी ठरावीक काळाने पुन्हा द्यायची असते. अमेरिकेत ते प्रमाणपत्र जास्तीत जास्त २ वर्षं चालतं. डॉक्टर डोळे बघतात, रक्तदाब मोजतात, पट्टा फुगवून पुन्हा एकदा मोजतात आणि चष्म्यावरून बघत म्हणतात, “एका जागी फार बसू नका. रोज तासभर चाला, पाणी भरपूर प्या, जेवण वेळेवर घ्या, आणि कटकट डोक्यात ठेवू नका.” मान डोलवा, कागदावर सही शिक्का घ्या आणि लवकर निघा. दुपारची पाळी आहे, आणि रजेचा अर्ज अजून साहेबांच्या टेबलावरच पडलाय.