रोग रेड्याला, औषध पखालीला: वेबसाइटचे मेल आणि दहा मिनिटांचा इलाज

छोट्या वेबसाइटवाल्यांमध्ये एक तोडगा हातोहात फिरतोय. थोडक्यात असा: "संपर्क फॉर्मचे मेल पोहोचत नाहीत, कारण साइट ते पीएचपीच्या मेल फंक्शनने पाठवते. एसएमटीपी प्लगिन टाका. डीएनएसमध्ये एसपीएफ, डीकिम, डीमार्क अशा तीन ओळी चिकटवा. विषयातून 'फ्री', 'ऑफर' असले शब्द काढा. चाचणी मेलला 'यशस्वी' असा हिरवा शेरा आला की झालं. दहा मिनिटांत कायमचा इलाज." (पीएचपी ही बऱ्याच साइट ज्या भाषेत लिहिलेल्या असतात ती; एसएमटीपी म्हणजे मेल एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे पोहोचवण्याची रीत; प्लगिन म्हणजे साइटला जोडायचा छोटा प्रोग्राम; डोमेन म्हणजे साइटचं इंटरनेटवरचं नाव आणि डीएनएस म्हणजे अशा नावांची जाहीर नोंदवही. त्या वहीत एसपीएफ सांगतं, की आपल्या डोमेनचा मेल कुठल्या सर्व्हरने पाठवायचा; डीकिम ही मेलवरची डिजिटल सही तपासण्याची सोय; आणि डीमार्क सांगतं, की दिसणाऱ्या प्रेषकाचं डोमेन या दोन्हींपैकी एकाशीही जुळलं नाही तर मेलचं काय करायचं.)

यातलं बरंचसं अर्धं खरं आहे, आणि तीच पंचाईत आहे.

आधी तो हिरवा शेरा बघू, कारण सगळी फसगत तिथेच होते. मेल फंक्शनने होकार दिला याचा अर्थ एवढाच, की त्याच सर्व्हरवरच्या मेल पाठवणाऱ्या प्रोग्रामने तो आपल्या रांगेत घेतला. एसएमटीपीत २५० हा आकडा मिळाला, तरी पुढच्या सर्व्हरने मेल ताब्यात घेतला इतकंच कळतं. त्याने तो इनबॉक्समध्ये ठेवला की स्पॅममध्ये ढकलला, याचा त्यात पत्ता नसतो. खरी माहिती सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे त्याच्या नोंदींमध्ये, आणि बाउन्समध्ये, म्हणजे 'मेल पोहोचला नाही' असं सांगत परत आलेल्या मेलमध्ये असते. ४ ने सुरू होणारा आकडा म्हणजे 'आत्ता नाही, नंतर या'. ५ ने सुरू होणारा म्हणजे साफ नकार, आणि बहुतेकदा शेजारी कारणही लिहिलेलं असतं. ५.१.१ असेल तर तो पत्ताच अस्तित्वात नाही; तिथे डीएनएसमध्ये कितीही ओळी घाला, काय होणार?

आता प्लगिन. साइटचा मेल नीट ओळख सांगून, ५८७ किंवा ४६५ पोर्टवरून (सर्व्हरच्या त्या क्रमांकाच्या दारातून) चांगल्या मेल सेवेमार्फत गेला तर फायदा होतो, यात वाद नाही. स्वस्त होस्टिंगवर एकाच आयपीवरून (सर्व्हरच्या इंटरनेटवरच्या क्रमांकावरून) शेकडो साइट मेल पाठवतात आणि एका उपद्व्यापी शेजाऱ्यापायी सगळ्यांची पत जाते. पण प्लगिन वाट बदलतं, मेलमधली चूक नाही. सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे फॉर्म भरणाऱ्याचाच पत्ता 'प्रेषक' म्हणून लावणं. उत्तर द्यायला सोपं जावं म्हणून कुणीतरी तसं करून ठेवतं. याहूने एप्रिल २०१४ मध्ये आपल्या डोमेनसाठी डीमार्कचं धोरण 'नाकारा' असं केलं आणि याहूचा पत्ता लावून दुसऱ्याच सर्व्हरवरून निघालेले मेल धडाधड परत येऊ लागले. उपाय साधा आहे: प्रेषक आपल्या डोमेनचा ठेवा आणि पाहुण्याचा पत्ता 'रिप्लाय-टू'मध्ये घाला.

तीन ओळी चिकटवण्याचा सल्ला तर मला सर्वांत धोकादायक वाटतो. एका डोमेनला एसपीएफचा एकच रेकॉर्ड चालतो. आधीचा असताना दुसरा 'जोडला', की तपासणीत कायमची चूक निघते. म्हणजे होतं तेही गेलं. नवी सेवा जुन्याच ओळीत घालायची असते, आणि त्यातही ती ओळ तपासताना डीएनएसकडे जास्तीत जास्त १० चौकशा चालतात. डीकिमची ओळ तर कुठून उचलून आणताच येत नाही. जी सेवा मेलवर सही करते, तिचीच किल्ली तिथे लागते. शिवाय एसपीएफ तपासतं ते लिफाफ्यावरचा पत्ता, म्हणजे मेल परत फिरला तर ज्यावर येतो तो; वाचणाऱ्याला दिसणारा नव्हे. लिफाफ्यावर होस्टिंगवाल्याचं डोमेन असेल तर एसपीएफ 'पास' होतं, पण ते दिसणाऱ्या प्रेषकाशी जुळत नाही. सोबत आपल्या डोमेनची डीकिम सहीही नसेल तर डीमार्क नापास. दोन्ही गोष्टी एकदमच खऱ्या, म्हणून माणसं डोकं धरून बसतात. आणि डीमार्कमध्ये पहिल्याच दिवशी 'नाकारा' लिहू नका. आधी 'काही करू नका' असं धोरण ठेवून अहवाल मागवा. आपल्या नावाने कोणकोणते सर्व्हर मेल पाठवतात, ते बघून बरेच जण चकित होतात.

शब्दांच्या यादीबद्दल फार बोलण्यात अर्थ नाही. एका 'फ्री'ने मेल अडत नाही.

या तोडग्यात ज्याचा उल्लेखच नाही, असं एक दुखणं मी स्वतः निस्तरलंय. एका ओळखीच्यांच्या साइटवरून जगातल्या कुठल्याही पत्त्यावर मेल जात होता, फक्त त्यांच्या स्वतःच्या डोमेनवर नाही. प्लगिन होतं, तिन्ही रेकॉर्ड ठीक होते, हिरवा शेराही येत होता. झालं असं होतं, की मेल त्यांनी दुसऱ्या सेवेकडे हलवले होते, पण वेबसाइटचा सर्व्हर अजून स्वतःलाच त्या डोमेनचं टपाल कार्यालय समजत होता. त्यामुळे एमएक्स रेकॉर्ड (डोमेनचे मेल कुठल्या सर्व्हरकडे द्यायचे ते सांगणारी डीएनएसमधली ओळ) न बघता तो मेल घरातल्या घरात वाटत होता. बाहेरची मेल सेवा जोडली असती तर हे आपोआप सुटलं असतं, कबूल. पण प्लगिनमध्ये त्यांनी पत्ता भरला होता त्याच सर्व्हरचा! होस्टिंगच्या पॅनेलमध्ये मेलची व्यवस्था 'लोकल'वरून 'रिमोट' केली आणि मेल वाहू लागले. मग जुनी मेलपेटी उघडली. तीन आठवड्यांच्या चौकशा तिथे ओळीने पडून होत्या.

राहिला 'कायमचा इलाज'. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने नियम कडक केले. प्रत्येकाला एसपीएफ किंवा डीकिम लागतंच. दिवसाला ५,००० हून जास्त मेल पाठवणाऱ्यांना दोन्ही, आणि वर डीमार्क. स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवायच्या. छोट्या साइटचा ५,००० शी काय संबंध, असं वाटेल. पण फॉर्म भरणाऱ्याला आपोआप जाणारा 'धन्यवाद, आपला निरोप मिळाला' हा मेल आठवा. बॉट, म्हणजे आपोआप फॉर्म भरणारे प्रोग्राम, तिथे परक्यांचे पत्ते भरतात, निरोपाच्या जागी स्वतःची जाहिरात घालतात, आणि आपली साइट ती सही-शिक्क्यासह पोहोचवते. ती माणसं 'स्पॅम'चं बटण दाबतात तेव्हा पत आपल्या डोमेनची जाते. तो मेल आधी बंद करा, निदान त्यातून भरलेला मजकूर तरी वगळा, आणि मग डीएनएसकडे वळा.