निवृत्तीचं घड्याळ जुनंच का घेतलं: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याला धरून आहे. म्हणून दोन ओळींत आभार मानून मोकळं होण्यापेक्षा सविस्तर लिहितो.

निवृत्तीनिमित्त मी स्वतःसाठी जुनं, आधी दुसऱ्याने वापरलेलं रोलेक्स डेटजस्ट घड्याळ घेतलं. त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ज्याला आता कुठे वेळेवर पोचायचंच नाही, त्याला इतकं महागडं घड्याळ कशाला? घ्यायचंच तर नवं घ्यावं, दुसऱ्याने वापरून झिजवलेलं यंत्र का? वेळ मोबाइलही दाखवतो, आणि जास्त अचूक दाखवतो. मग उरला तो फक्त दिखावा. शिवाय ‘घड्याळ म्हणजे गुंतवणूक’ या विक्रेत्यांच्या बोलण्याला मीही भुललो असणार.

गुंतवणुकीचं आधी संपवतो, कारण तिथे आपलं पटतं. घड्याळ ही गुंतवणूक नाही. तो खर्च आहे आणि खर्च म्हणूनच मी तो केला. २०२१मध्ये आणि २०२२च्या सुरुवातीला काही मोजक्या मॉडेलांचे भाव असे चढले की वापरलेलं घड्याळ नव्याच्या छापील किमतीच्या कितीतरी वर विकलं जात होतं. ते पाहून पुष्कळांनी चढ्या भावात खरेदी केली, २०२२मध्येच पुढे भाव उतरले आणि ती मंडळी अडकली. ज्या वस्तूवर व्याज नाही, भाडं नाही, उलट दर काही वर्षांनी सर्व्हिसिंगला पैसे मोजावे लागतात, तिला गुंतवणूक म्हणणारा विक्रेता भेटला तर निवृत्त माणसाने त्याच्या दुकानातून सरळ बाहेर पडावं. आजारपणाची तरतूद नसेल, डोक्यावर कर्ज असेल, महिन्याच्या उत्पन्नाला धक्का लागणार असेल, तर घड्याळ घेऊच नये. हप्त्यांवर तर मुळीच नाही. मी हे पैसे गेले असं धरूनच दिले आणि पुढच्या सर्व्हिसिंगची रक्कमही त्याच दिवशी बाजूला काढली.

पण खर्चच करायचा ठरल्यावर जुनं घेण्यात शहाणपण आहे, हे मात्र मी ठामपणे सांगेन. बहुतेक महागडी घड्याळं दुकानाबाहेर पडताक्षणी किंमत गमावतात. ती घट पहिल्या मालकाने सोसलेली असते. दुसरं म्हणजे मला हवं होतं ते आता बनतच नाही. डेटजस्ट १९४५मध्ये आलं. तबकडीवरच्या खिडकीत आपोआप बदलणारी तारीख दाखवणारं ते पहिलं ऑटोमॅटिक, म्हणजे हाताच्या हालचालीने स्वतःच चावी भरून घेणारं, मनगटी घड्याळ. आजही ते बनतं, पण माझं १६०१४ हे मॉडेल १९७७ ते १९८८च्या दरम्यानचं आहे. त्याची काच नीलमणी स्फटिकाची नाही, ॲक्रिलिकची आहे. तिच्यावर ओरखडे लवकर पडतात, पण मऊ कापड आणि थोडी पॉलिशची पेस्ट घेतली की ते घरच्या घरी निघतातही. नीलमणी काचेवर सहसा ओरखडा पडत नाही, मात्र तिचा टवका उडाला की काच बदलण्यावाचून इलाज नाही. मला निगा राखता येईल अशी वस्तू हवी होती.

आता तुमचा सगळ्यात वजनदार मुद्दा, झिजलेल्या यंत्राचा. त्यावर थोडं सावकाश बोलू, कारण जुन्या घड्याळाची सगळी पारख इथेच आहे.

या घड्याळाचं बॅलन्स व्हील, म्हणजे मागे-पुढे झुलून वेळ मोजणारं चाक, तासाला २८,८०० ठोके देतं. दिवसाला जवळपास सात लाख. एवढी हालचाल होऊनही ते दशकानुदशकं टिकतं, कारण ज्या टोकांवर चाकं फिरतात तिथे कृत्रिम माणकं बसवलेली असतात आणि त्यांना किंचित तेल असतं. झीज सुरू होते ती हे तेल सुकल्यावर. मग धातूची टोकं कोरडी घासतात, त्यांचा बारीक चुरा उरलेल्या तेलात मिसळतो आणि ते मिश्रण चाकांच्या टोकांना कानसत राहतं. म्हणजे चाळीस वर्षांचं पण वेळच्या वेळी उघडून, धुऊन, तेल दिलेलं मशीन निरोगी असू शकतं आणि पंधरा वर्षांचं, एकदाही न उघडलेलं मशीन आतून खलास झालेलं असू शकतं. ‘माझ्या घड्याळाला कधी सर्व्हिसिंग लागलंच नाही’ असं एखादा विक्रेता कौतुकाने सांगतो, तेव्हा तो खरं तर आपल्याला किंमत कमी करायचं कारण देत असतो.

हे आतलं दुखणं बाहेरून कळतं का? बरंचसं कळतं. टाइमग्राफर नावाचं छोटं यंत्र घड्याळाचे ठोके मायक्रोफोनवर ऐकतं. घड्याळ दिवसाला किती सेकंद पुढे किंवा मागे जातंय ते सगळे विचारतात, पण मी आधी ॲम्प्लिट्यूड पाहतो, म्हणजे बॅलन्स व्हील किती अंशांत झुलतंय. पूर्ण चावी दिलेलं घड्याळ तबकडी वर करून ठेवल्यावर २७० अंशांच्या पुढे असेल तर तब्येत चांगली. दोनशेच्या आसपास रेंगाळत असेल तर तेल सुकलंय किंवा काहीतरी झिजलंय. आणि एकाच स्थितीत मोजून भागत नाही. घड्याळ उभं करून, क्राऊन (चावी द्यायचं बाजूचं बटण) खाली करून, पालथं ठेवूनही आकडे घ्यायला लावावेत. सपाट ठेवल्यावर उत्तम आणि उभं केल्यावर ढेपाळणारं घड्याळ मनगटावर तसंच ढेपाळतं. रोटरसाठी, म्हणजे हात हलला की फिरून चावी भरणाऱ्या आतल्या वजनासाठी, कानच पुरतो: घड्याळ हळूच डावी-उजवीकडे झुकवलं आणि आत खरखर ऐकू आली, तर रोटरचा आस झिजला असल्याची शंका घ्यावी.

बाहेरची झीज वेगळी, आणि ती बहुतेक वेळा वापराने होत नाही. ती पॉलिशने होते. प्रत्येक पॉलिशमध्ये केसचा, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या कवचाचा, थोडा धातू कायमचा जातो. नव्यासारखं चकचकीत जुनं घड्याळ दिसलं की भिंग काढावं आणि लग पाहावेत, म्हणजे पट्टा जिथे अडकतो ती चार टोकं. त्या काळच्या केसमध्ये पट्ट्याच्या पिनांची भोकं लगांच्या बाहेरच्या अंगालाही दिसतात. भोकाची कड धारदार असेल तर केस सांभाळली गेली आहे. कड बशीसारखी खोलगट झाली असेल, लग पातळ आणि गोलसर झाले असतील, तर पॉलिशच्या चाकाने त्यातलं बरंच काही खाल्लं आहे. माझ्या घड्याळावर ओरखडे आहेत, पण चारही लग जाड आहेत. ओरखड्यांसह ते मला कितीतरी जास्त प्रिय आहे.

मी नाकारलेल्या एका घड्याळाबद्दलही सांगायला हवं. तेही १६०१४च होतं, फोटोत देखणं, आणि विक्रेता म्हणत होता की सगळे भाग मूळचेच आहेत. तबकडीच्या तळाशी ‘स्विस’च्या दोन्ही बाजूंना ‘टी’ हे अक्षर होतं. हा ‘टी’ ट्रिटियमचा. अंधारात चमकण्यासाठी त्या काळी काट्यांवर आणि तबकडीवरच्या खुणांवर ट्रिटियमचं मिश्रण लावत. ट्रिटियमची किरणोत्सारी शक्ती साधारण १२.३ वर्षांत निम्मी होते, त्यामुळे ऐंशीच्या दशकातली खूण आज विझलेलीच असायला हवी. मी विजेरीचा झोत टाकून दिवा मालवला, तर काटे हिरवेगार उजळून बराच वेळ तसेच राहिले आणि तबकडीवरच्या खुणा मात्र काळोखात गेल्या. म्हणजे काटे नंतरचे. बदललेले काटे हा गुन्हा नाही, सर्व्हिसिंगमध्ये असे बदल होतात. पण ‘सगळं मूळचं’ हे विधान तिथे कोसळलं आणि त्या माणसाच्या बाकीच्या विधानांवरचा माझा विश्वासही.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. रिकामे खोके आणि जुनी हमीपत्रं सुटी विकली जातात, म्हणून खोकं हा पुरावा नव्हे. या काळातल्या रोलेक्सचा अनुक्रमांक सहा वाजण्याच्या बाजूला, दोन लगांच्या मधे कोरलेला असतो. पट्टा काढल्याशिवाय तो दिसत नाही. पट्टा काढू न देणाऱ्याकडून घेऊ नये. तो क्रमांक हमीपत्राशी जुळतो का पाहावं, आणि चोरीच्या घड्याळांची नोंद ठेवणाऱ्या ‘द वॉच रजिस्टर’सारख्या ठिकाणी तपासून घ्यावा. हा सगळा खटाटोप नको असेल तर तोही मार्ग आहे: रोलेक्सने डिसेंबर २०२२मध्ये स्वतःच प्रमाणित जुन्या घड्याळांची योजना सुरू केली, त्यात दोन वर्षांची हमी मिळते. भाव अर्थातच जास्त पडतो. ज्याला शांत झोप हवी त्याने तो द्यावा.

मोबाइल जास्त अचूक आहे, यात वाद नाही. हा वाद २५ डिसेंबर १९६९ला जपानच्या सेइकोने क्वार्ट्झ ॲस्ट्रॉन हे बॅटरीवरचं घड्याळ बाजारात आणलं तेव्हाच मिटला. पुढच्या दीड-दोन दशकांत स्वित्झर्लंडच्या घड्याळ उद्योगातल्या सुमारे ९० हजार नोकऱ्यांपैकी जेमतेम एक तृतीयांश उरल्या. आजही स्विस क्रोनोमीटरच्या, म्हणजे अचूकतेचं प्रमाणपत्र मिळवणाऱ्या चावीच्या घड्याळाच्या, चाचणीत दिवसाला सरासरी उणे ४ ते अधिक ६ सेकंदांची मुभा असते, आणि साधं क्वार्ट्झ घड्याळ अख्ख्या महिन्यात साधारण १५ सेकंदांच्या फरकाने चालतं. एवढं होऊनही माणसं चावीची घड्याळं बनवत राहिली, दुरुस्त करत राहिली, कारण हे असं यंत्र आहे की ते उघडलं तर काय चाललंय ते डोळ्यांना दिसतं. स्प्रिंग उलगडते, चाकं फिरतात, बॅलन्स झुलतो. एक भाग बिघडला तर तो भाग काढून नीट करता येतो. माझ्या हयातीत माझ्या वाट्याला आलेल्या वस्तूंपैकी अशा फार थोड्या उरल्या आहेत, आणि त्यातली एक मला रोज हातावर हवी होती. हे कारण तुम्हाला पटलं नाही तरी ते खरं आहे.

दिखाव्याबद्दल फार लिहीत नाही. दिखाव्यासाठी घेणाऱ्याला नवं, मोठं, लांबून ओळखू येणारं घड्याळ मिळतं. ३६ मिलिमीटरचं, पिवळसर पडलेल्या खुणांचं घड्याळ शर्टाच्या बाहीखाली कुणाच्या नजरेतही येत नाही.

आणि आता ज्या वाक्याने तुम्ही सुरुवात केलीत, त्याबद्दल. ज्याला कुठे वेळेवर पोचायचं नाही, तोच माणूस जुनं घड्याळ नीट घेऊ शकतो, असं माझं म्हणणं आहे. जुन्या घड्याळांच्या व्यवहारात फसवणूक चालते ती घाईच्या जोरावर: ‘अजून दोघे विचारतायत’, ‘आजच सांगा’, ‘उद्या भाव वेगळा असेल’. नोकरीत असताना मी असलं काही घ्यायला गेलो असतो तर एखाद्या संध्याकाळी, थकून, कुणाच्या तरी शब्दावर घेतलं असतं. निवृत्तीनंतर मला वाचायला वेळ मिळाला, एकाच मॉडेलची अनेक घड्याळं हाताळता आली, घड्याळजीच्या टेबलाशेजारी बसून तो काय पाहतो ते विचारता आलं, आणि आवडलेलं घड्याळ न घेता परत येता आलं. ती शोधाशोध हा मी स्वतःला दिलेल्या भेटीचा अर्धा भाग होता. सहकारी निरोपाला जे देतात ते प्रेमाने देतात, पण ते वर्गणी आणि सगळ्यांची सोय पाहून निवडलेलं असतं. स्वतःला द्यायच्या वस्तूत माणसाने आपलं मनगट, आपली आवड आणि आपली ऐपत या तीनच गोष्टी पाहाव्यात, एवढा हक्क कामाची इतकी वर्षं त्याला मिळवून देतात असं मला मनापासून वाटतं.

तुम्ही शेवटी लिहिलंत की तुमच्या वडिलांचं ओमेगा कपाटात कित्येक वर्षं बंद पडून आहे, त्याला कोण विचारतो. मी विचारतो. कृपया चालतंय का पाहायला त्याला चावी देऊन हलवू नका. सुकलेल्या तेलावर ते चाललं तर नुकसानच जास्त होईल. ते १९६०च्या आसपासचं किंवा त्याआधीचं असेल तर काट्यांवर रेडियम असू शकतं. त्याची चमक विझलेली असली तरी रेडियम स्वतः हजारो वर्षं टिकतं, म्हणून मागचं झाकण किंवा काच घरी उघडू नका. जुन्या घड्याळांवर काम करणाऱ्या घड्याळजीकडे न्या आणि दुरुस्तीआधीच तीन गोष्टी बजावून सांगा: केस पॉलिश करायची नाही, तबकडी पुन्हा रंगवायची नाही, आणि बदललेला प्रत्येक भाग परत द्यायचा. जुन्या ओमेगाचा क्रमांक बहुधा आत मशीनवर कोरलेला असतो. झाकण उघडल्यावर त्याच्याकडून तो लिहून घ्या, त्यावरून साल ढोबळमानाने ठरवता येतं. तो क्रमांक आणि तबकडीचा एक स्पष्ट फोटो मला पाठवलात, तर मला जे कळतं ते सगळं मी तुम्हाला कळवेन.